अमेरिकेतल्या कॉलेजात ट्रॅक कोचची नोकरी: नेमतं कोण, देतं किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.पी.एड. झालं आहे, विद्यापीठाकडून तिहेरी उडी मारली आहे, आता अमेरिकेत किनेसिऑलॉजीच्या (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या) मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. दोन वर्षांनी तिथल्या एखाद्या कॉलेजात ट्रॅक अँड फील्डचा कोच म्हणून नोकरी लागेल का, पगार किती मिळेल आणि व्हिसाचं काय?

आधी सरळ उत्तर. नोकरी लागू शकते. पगार तुमच्या मनात आहे त्यापेक्षा कमी निघेल. आणि तुम्ही पोरांना उडी किती चांगली शिकवता याच्याशी त्या पगाराचा संबंध फार थोडा असतो. मी इथे अमेरिकेत उड्यांचा आणि हेप्टॅथलॉन-डेकॅथलॉनसारख्या बहुप्रकारांचा कोच आहे, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून सुरुवात केली, आता नेमणुकीच्या समितीतही बसतो. दोन्ही बाजूंनी जे पाहिलं ते सांगतो.

महाराष्ट्रातली पद्धत डोक्यात असेल तर ती आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे कॉलेजला वेगळा ॲथलेटिक्स कोच नसतोच. असतात ते शारीरिक शिक्षण संचालक. त्यांना यूजीसीची पात्रता लागते, नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते, शिवाय २०१८च्या नियमांप्रमाणे शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. तिशीच्या आतल्या पुरुषाला १२ मिनिटांत १,८०० मीटर. एकदा मंजूर पदावर लागलात की सहायक प्राध्यापकाची श्रेणी, ५७,७०० मूळ वेतन, आणि पुढचं सगळं जीआर ठरवतो. (तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची कथा निराळी, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.) इथे यातलं काहीच नाही. परीक्षा नाही, वेतनश्रेणी नाही, कायमस्वरूपी पद नाही. एकाच गावातल्या दोन कॉलेजांत तेच काम करणाऱ्या दोन कोचच्या पगारात पाचपट फरक असू शकतो आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही.

तो फरक का पडतो, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

कॉलेजला ट्रॅक संघ कशासाठी हवा असतो? मोठ्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या पहिल्या, सगळ्यात वरच्या विभागातल्या बड्या संघांत, ट्रॅक एक पैसा कमावत नाही. तिकिटं खपत नाहीत, टीव्हीचे हक्क नगण्य. फुटबॉल आणि बास्केटबॉल कमावतात, बाकीचे त्यावर जगतात. मग ट्रॅक ठेवतात कशाला? एक कारण परंपरा, दुसरं निव्वळ हिशेबाचं. वरच्या फुटबॉल गटात राहायचं तर विद्यापीठाला किमान १६ खेळ चालवावे लागतात, आणि क्रॉस कंट्री, इनडोअर ट्रॅक, आउटडोअर ट्रॅक हे तीन वेगळे खेळ धरले जातात. मुलं आणि मुली मिळून झाले सहा. एकच मैदान, एकच स्टाफ, आणि १६ पैकी सहा रकाने भरले. पुन्हा १९७२च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींना खेळण्याच्या संधी प्रमाणात द्याव्या लागतात आणि ट्रॅकमध्ये मुलींची संख्या भरपूर असते. अशा ठिकाणी तुम्ही खर्चाच्या रकान्यात असता. फुटबॉल जोरात असेल तर तो खर्च आनंदाने होतो, नसेल तर कात्री आधी तुमच्याकडे वळते.

लहान खासगी कॉलेजांत गणित नेमकं उलटं. दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागातली, किंवा एनएआयए या वेगळ्या संघटनेतली हजार-दीड हजार विद्यार्थ्यांची कॉलेजं फीवर चालतात. तिसऱ्या विभागात तर खेळाची शिष्यवृत्ती देताच येत नाही. तिथे ट्रॅकचा कोच म्हणजे प्रवेश विभागाचा मैदानावर उभा केलेला माणूस. समजा सवलती वजा जाता एका मुलाकडून कॉलेजला वर्षाला १५ हजार डॉलर मिळतात आणि तुम्ही ४० मुलं आणलीत, तर सहा लाख डॉलर तुमच्यामुळे आले. म्हणून तिथे मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत आकडा निघतो: दरवर्षी नवी किती मुलं आणाल? काही ठिकाणी तो आकडा लेखी उद्दिष्ट म्हणून देतात. तुमचा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आला यापेक्षा तुमच्या यादीतल्या १८ मुलांनी ऑगस्टमध्ये फी भरली, याला तिथे जास्त वजन असतं. हे मी कडवटपणे सांगत नाही. अशा कॉलेजांत मला काही उत्तम शिक्षक भेटले, आणि साडेसहा मीटर उडी मारणाऱ्या मुलाकडेही तिथे नीट लक्ष दिलं जातं, कारण तो फी भरणारा मुलगा असतो.

या दोन जगांच्या मध्ये पहिल्या विभागातली मधल्या वजनाची विद्यापीठं येतात. फुटबॉलचा पैसा नाही आणि फीवरही भागत नाही. सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच, आणि दुर्दैवाने सुरुवातीच्या बहुतेक नोकऱ्याही तिथेच.

आता शिडी. पहिली पायरी बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट, सगळे जीए म्हणतात. मास्टर्सची फी माफ किंवा बरीचशी माफ, वर थोडा भत्ता. माझ्या पाहण्यात तो वर्षाला आठ ते पंधरा हजार डॉलरच्या दरम्यान असतो, कुठे राहण्याची सोय तर कुठे मेसचं कार्ड. तुम्हाला प्रवेश मिळाला आहे पण जीएशिप मिळालेली नाही, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. ही गोष्ट आत्ताच तपासा, कारण जीएची पदं ॲथलेटिक्स विभाग भरतो, शैक्षणिक विभाग नाही. प्रवेशपत्र हातात असलेला माणूस हेड कोचला सोयीचा असतो, त्याचं निम्मं काम झालेलं असतं. आजच त्या विद्यापीठाच्या हेड कोचला पत्र लिहा. स्वतःचा व्हिडिओ पाठवण्यापेक्षा तुम्ही घडवलेल्या एखाद्या मुलाचे दोन हंगामांचे आकडे पाठवा.

एक सावधगिरी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. कोचिंग २० तासांत बसत नाही. शनिवारची एक स्पर्धाच १४ तास खाते. तास कसे मोजायचे, प्रवास कसा धरायचा, हे पहिल्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या. "सगळे असंच करतात" हे वाक्य कोचच्या तोंडून आलं तरी त्यावर विसंबू नका. कोचचा व्हिसा धोक्यात नसतो.

जीएच्या खाली पूर्वी आणखी एक पायरी होती, स्वयंसेवक कोच. पहिल्या विभागात पगारी कोचची संख्या नियमाने बांधलेली होती, आणि त्यापलीकडे एक 'स्वयंसेवक' ठेवायची मुभा होती. नाव स्वयंसेवक, काम पूर्ण वेळेचं, पगार शून्य, आरोग्यविमा नाही. ही माणसं उन्हाळी शिबिरांवर आणि खासगी शिकवणीवर जगायची. १ जुलै २०२३ पासून एनसीएएने पहिल्या विभागात हा प्रकार बंद करून पगारी कोचची मर्यादा वाढवली. उशिरा सुचलेलं शहाणपण, कारण तोवर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या होत्या. बेसबॉलच्या स्वयंसेवक कोचनी टाकलेला दावा पुढे ४.९ कोटी डॉलरला मिटला. इतर खेळांच्या बाजूने झालेल्या दाव्यात एक माजी ट्रॅक कोच पुढे होती.

एनसीएएला हा धडा आधी एकदा मिळालेला होता. १९९२ पासून त्यांनी 'मर्यादित कमाईचा कोच' असा वर्ग काढला होता आणि त्याच्या वार्षिक कमाईवर १६ हजार डॉलरची वरची मर्यादा घातली होती. देशभरच्या कॉलेजांनी मिळून मजुरीचा दर ठरवणं म्हणजे स्पर्धाविरोधी संगनमत, असं संघीय अपील न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं आणि १९९९ मध्ये ५.४५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हा इतिहास एवढ्यासाठी सांगतो की इथे खालच्या कोचचा पगार कमी आहे तो काही निव्वळ बाजाराच्या कौलाने नाही. फुकट राबायला तयार असलेली तरुण पोरं कायम रांगेत असतात, आणि नियमही बराच काळ त्या रांगेच्या सोयीचे लिहिलेले होते. २०२३ मध्ये स्वयंसेवकाचा प्रकार बंद झाला म्हणून त्या सगळ्यांना पगार लागला असंही नाही. मर्यादा वाढली, बजेट तेवढंच राहिलं. कुठे महिन्याला पाचशे डॉलरची 'हंगामी' नेमणूक निघाली, कुठे पदच गेलं.

जीएनंतर असिस्टंट कोच. इथे पगाराची दरी सुरू होते. लहान कॉलेजात अर्धवेळ असिस्टंट वर्षाला पाच-दहा हजारांवर असतो आणि सकाळी शाळेत शिकवतो. पूर्णवेळ असिस्टंट लहान-मध्यम ठिकाणी ३० ते ५० हजारांच्या पट्ट्यात. बड्या परिषदांमध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला इथे कॉन्फरन्स, म्हणजे परिषद म्हणतात) तेच काम ७०-८० हजारांपासून सुरू होऊन चांगला स्प्रिंट कोच दीड लाखाच्याही पुढे जातो. हेड कोचचं म्हणाल तर तिसऱ्या विभागात ५०-८० हजार, मध्यम विद्यापीठात लाखाच्या अलीकडे-पलीकडे, आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्ससारख्या ठिकाणी वरचे मोजके लोक पाच लाखांच्या आसपास. त्याच आवारात फुटबॉलचा कोच एक कोटी डॉलर घेत असतो, ते मनाला लावून घ्यायचं नाही. सरकारी कामगार आकडेवारी सगळ्या प्रकारचे कोच आणि स्काउट एकत्र धरून २०२४ची मध्यम कमाई ४६ हजार डॉलरच्या आसपास दाखवते, आणि माझ्या अनुभवाशी ते जुळतं. आणि हो, हे आकडे रुपयांत गुणून आईवडिलांना सांगू नका. घरभाडंही डॉलरमध्येच भरायचं असतं.

'पूर्णवेळ' या शब्दाखाली काय येतं तेही पाहा. क्रॉस कंट्री सप्टेंबरात सुरू होते, इनडोअर मार्चपर्यंत, आउटडोअर मे-जूनपर्यंत. बेसबॉलच्या कोचला ऑफ सीझन असतो, तुम्हाला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुढची भरती. आठवड्याला ५५-६० तास सहज होतात आणि जादा तासांचे पैसे मिळत नाहीत. अमेरिकी कामगार कायद्यात पगारदाराला ओव्हरटाइममधून वगळायचं तर त्याला वर्षाला किमान ३५,५६८ डॉलर द्यावे लागतात. २०२४ मध्ये ही मर्यादा वाढवली होती, टेक्सासच्या न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात ती रद्द केली. पण शिक्षकांना ही किमान मर्यादाच लागू नाही, आणि ज्याचं मुख्य काम शिकवण्याचं आहे तो कोच शिक्षकात धरता येतो. म्हणून २८ हजारांची पूर्णवेळ जाहिरात कायद्यात बसते. मात्र तुमचा बहुतेक वेळ मुलं शोधण्यात आणि कचेरीच्या कामात जात असेल, तर ती सवलत लागू होते का, हा खरा प्रश्न आहे. सहीआधी कामाचं वर्णन वाचताना हे डोक्यात असू द्या.

नेमणूक होते कशी, ते आता. कागदोपत्री सगळं व्यवस्थित असतं: एनसीएएच्या आणि कोच संघटनेच्या संकेतस्थळावर जाहिरात, समिती, समान संधीचं निवेदन, व्हिडिओ मुलाखत, मग कॅम्पसवर एक दिवस. प्रत्यक्षात असिस्टंटच्या बऱ्याच जागा जाहिरात येण्याआधी फोनवर ठरलेल्या असतात. हेड कोच आपल्या विश्वासातल्या चार जणांना विचारतो, "उड्यांसाठी कुणी आहे का, जो स्प्रिंटलाही हात लावेल?" तिथून दोन नावं येतात. समितीत बसल्यावर मी पाहिलंय, शंभरावर अर्ज येतात आणि गंभीरपणे वाचले जातात ते पंधरा. त्या पंधरातल्या बहुतेकांसाठी कुणी ना कुणी फोन केलेला असतो. याला वशिला म्हणा. मी म्हणेन, अर्धा वशिला आणि अर्धी भीती. चुकीचा माणूस आला तर १८-२० वर्षांची मुलं त्याच्या हाती असतात, आणि इथे गेल्या काही वर्षांत वजन-चरबी मोजण्यावरून, बोलण्या-वागण्यावरून कोच घरी गेलेत. म्हणून ओळखीच्या माणसाने "मी याला मुलांशी बोलताना पाहिलंय" असं सांगणं हे प्रमाणपत्रापेक्षा मोठं ठरतं.

म्हणजे तुमचं पहिलं काम ओळख तयार करणं. कोच संघटनेचं, म्हणजे यूएसटीएफसीसीसीएचं अधिवेशन दर डिसेंबरात असतं. तिथली व्याख्यानं चांगली असतात, पण नोकऱ्या हॉटेलच्या लॉबीत ठरतात. जीए असताना स्वतःच्या पैशाने का होईना एकदा जा. स्पर्धेला गेलात की आपली मुलं संपल्यावर बसमध्ये जाऊन बसू नका. दुसऱ्या संघाच्या उड्यांच्या कोचला धावपट्टीची खूण कशी ठेवतो ते विचारा. यूएसए ट्रॅक अँड फील्ड या इथल्या ॲथलेटिक्स महासंघाचा लेव्हल वन आणि कोच संघटनेचे कोर्स करून टाका. त्यामुळे नोकरी लागत नाही, नसतील तर मात्र यादीतून नाव काढायला निमित्त मिळतं. पतियाळाचा एनआयएसचा कोचिंग डिप्लोमा इथे फारसा कुणी ओळखत नाही. एका ओळीत लिहा आणि पुढे जा.

हंगाम लक्षात ठेवा. विद्यापीठांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि पहिल्या विभागाची राष्ट्रीय स्पर्धा जूनमध्ये संपते. त्या पंधरवड्यात साखळी हलते. एक बडा हेड कोच निवृत्त होतो, त्याच्या जागी दुसरीकडचा येतो, तो आपले असिस्टंट घेऊन येतो, आणि जुने असिस्टंट रस्त्यावर. २०२२ मध्ये हेड कोच लिरॉय बरेल ह्यूस्टन विद्यापीठ सोडून ऑबर्न विद्यापीठात गेले आणि ह्यूस्टनची गादी कार्ल लुइस यांच्याकडे आली. नऊ ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा मानकरी, पण त्याच विद्यापीठात तोवर बरेल यांच्या हाताखाली असिस्टंट होता. वरची एक खुर्ची रिकामी झाली की खाली आठ-दहा हलतात, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुठल्यातरी लहान कॉलेजला कळतं की आपला उड्यांचा कोच गेला आणि १५ दिवसांत मुलं येणार आहेत. ती जागा तुमची. जूनमध्ये नकार आले म्हणून हताश होऊन घरचं तिकीट काढू नका.

हेड कोच बदलला की स्टाफ जातो, हा नियमच समजा. असिस्टंटचा करार वर्षाचा, किंवा 'मर्जी असेपर्यंत'चा. हेड कोचला तीन-पाच वर्षांचा करार असतो, काढलं तर भरपाई असते. तुम्हाला दोन-तीन आठवड्यांची सूचना. म्हणून रुजू होताना हेड कोचचा करार कधी संपतो ते विचारायचं. यात उद्धटपणा नाही.

कुठला प्रकार शिकवता यालाही किंमत असते. लांब पल्ल्याचे कोच मुबलक, कारण प्रत्येक क्रॉस कंट्रीवाला स्वतःला कोच समजतो. फेकीचे चांगले कोच कमी, पोल व्हॉल्टचे त्याहून कमी, आणि व्हॉल्टमध्ये अपघाताचा धोका असल्याने कॉलेजं तिथे जाणकार शोधतात. नुसत्या तिहेरी उडीवर पूर्णवेळ नोकरी मिळणं कठीण. उड्या, अडथळा शर्यत आणि हेप्टॅथलॉन-डेकॅथलॉन अशी मोट बांधलीत तर तुम्ही दीड माणसाचं काम एका पगारात करता, आणि हेड कोचला तेच हवं असतं. व्हॉल्ट शिका. मनापासून सांगतो, दोन वर्षांत तेवढं एक केलंत तरी अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात जाईल.

भारतीय असण्याचा फायदा आहे, पण तो तुम्ही समजता तो नाही. विकास गौडा नॉर्थ कॅरोलायनाकडून खेळला, २००६ मध्ये थाळीफेकीत एनसीएए विजेता झाला. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडी जिंकली. त्यामुळे "तिकडून आणखी कुणी आहे का?" हा प्रश्न मुलाखतीत येतोच. केनिया, जमैका, नायजेरिया इथून मुलं आणणाऱ्या कोचची इथे पूर्वीपासून चलती आहे. सातारा, नाशिक, बीडकडची पोरं तुमच्या ओळखीची असतील तर तसं सांगा, पण आकडे फुगवू नका, आणि बारावीच्या गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा, एनसीएएची पात्रता या गोष्टी कळतात हे दाखवा. दहा नावं घेणाऱ्यापेक्षा एका मुलाचे कागद पूर्ण करून दाखवणारा उपयोगाचा.

आता सध्याची हवा, कारण २०२५ पासून जमीन हलली आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढवलेल्या हाऊस विरुद्ध एनसीएए खटल्यातली तडजोड मंजूर केली. पहिल्या विभागातली विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी एका विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. यातला सिंहाचा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलला जातो आणि तो कुठून तरी काढावा लागतो. शिष्यवृत्त्यांच्या जुन्या मर्यादाही गेल्या. ट्रॅकला पुरुषांत १२.६ आणि महिलांत १८ शिष्यवृत्त्या होत्या आणि त्यांचे तुकडे करून वाटायचे हीच कोचची कला होती. आता या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना संघातल्या डोक्यांची मर्यादा आहे: ट्रॅकला ४५, क्रॉस कंट्रीला १७. कागदावर ४५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येतात. प्रत्यक्षात तेवढा पैसा मोजकेच टाकतील. ज्या विद्यापीठात ७० मुलं सरावाला यायची तिथे ४५ उरली, तर प्रशासक विचारणारच की सहा असिस्टंट कशाला.

वॉशिंग्टन स्टेटने २०२५च्या जूनमध्ये उड्या-फेकीचे प्रकारच बंद केले आणि संघ लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळवला. केनियाच्या हेन्री रोनोने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले ते याच विद्यापीठात शिकताना. इतक्या जुन्या घराण्यात आज उड्यांच्या आणि फेकीच्या कोचला जागा नाही. त्याआधी कोविडच्या काळात सेंट्रल मिशिगनने पुरुषांचा ट्रॅक संघ बंद केला. ब्राउन आणि क्लेमसननेही तसंच जाहीर केलं होतं, पण माजी खेळाडूंनी रान उठवल्यावर दोघांना माघार घ्यावी लागली. म्हणून नोकरी घेताना फक्त पगार पाहू नका. गेल्या पाच वर्षांत त्या विद्यापीठाने कुठला खेळ बंद केला आहे का, माजी खेळाडूंचा निधी आहे का, इनडोअर ट्रॅक स्वतःचा की भाड्याचा, हे पाहा. माझा कल विचाराल तर आज पहिल्या विभागातल्या डळमळीत संघापेक्षा दुसऱ्या किंवा तिसऱ्या विभागातलं प्रवेशसंख्या भक्कम असलेलं कॉलेज बरं. नाव लहान, पण तिथे तुम्ही खर्च नसता, आवक असता.

महिला वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. १९७२ मध्ये महिला संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक कोच महिलाच होत्या, आज निम्म्याहून कमी आहेत. पैसा आणि प्रतिष्ठा आली तशा त्या नोकऱ्यांवर पुरुष आले. ट्रॅकमध्ये तर मुला-मुलींचे संघ एकाच हेड कोचखाली आणल्यावर ती एक खुर्ची बहुतेक ठिकाणी पुरुषाकडे गेली. कॅरिल स्मिथ गिल्बर्ट यांच्यासारखी उदाहरणं आहेत: सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला २०१८ आणि २०२१ मध्ये महिलांचं विजेतेपद, मग जॉर्जिया विद्यापीठात दोन्ही संघांच्या प्रमुख, आणि २०२५ मध्ये तिथेही महिलांचं विजेतेपद. पण अशी नावं अजून हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. असिस्टंटच्या पातळीवर चांगल्या महिला कोचना मागणी आहे, पगार बोलताना ती जाणीव ठेवून बोला.

पगार बोलायचा तर आकडे हातात हवेत, आणि ते इथे उघडे असतात. सरकारी विद्यापीठांचे पगार सार्वजनिक नोंद आहेत. बऱ्याच राज्यांत नाव टाकलं की दिसतात. शिवाय संघीय विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण कॉलेजला दरवर्षी खेळांचा हिशेब द्यावा लागतो, इक्विटी इन ॲथलेटिक्स कायद्याखाली, आणि तो शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर खासगी कॉलेजांचाही सापडतो. त्यात मुलांच्या आणि मुलींच्या संघांच्या हेड कोचचा आणि असिस्टंटचा सरासरी पगार, कोच पूर्णवेळ की अर्धवेळ, सगळं आहे. सरासरीत फुटबॉल मिसळलेला असतो, म्हणून महिला संघांचा आकडा पाहा, तो वास्तवाच्या जवळ असतो.

मूळ पगार हलत नसेल तर बाजूच्या गोष्टी मागा. उन्हाळी शिबिरातला वाटा, अधिवेशनाचा खर्च, स्थलांतराचा खर्च, परिषद जिंकल्यास किंवा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरल्यास बोनस. आरोग्यविमा पहिल्या दिवसापासून की ९० दिवसांनी, करार १० महिन्यांचा की १२ महिन्यांचा, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. १० महिन्यांच्या ४० हजारांत आणि १२ महिन्यांच्या ४० हजारांत फरक आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी पडू शकतो.

शेवटी व्हिसा, आणि इथे गोड बोलून उपयोग नाही. पदवीनंतर १२ महिन्यांचं ओपीटी (विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याची परवानगी) मिळतं, काम तुमच्या विषयाशी संबंधित हवं. किनेसिऑलॉजी आणि कोचिंग हे जुळतं. त्यानंतर एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, जो एरवी सोडतीने मिळतो. विद्यापीठं सोडतीच्या बाहेर असतात, हा मोठा फायदा. अडतं ते दुसरीकडे. त्या व्हिसासाठी कामाला विशिष्ट विषयातली पदवी आवश्यक आहे हे दाखवावं लागतं, आणि कोचच्या जाहिरातीत बहुधा नुसतं 'कोणतीही पदवी' लिहिलेलं असतं. शिवाय त्या भागातला प्रचलित पगार द्यावा लागतो, आणि ३२ हजार देणारं कॉलेज तिथे अडकतं. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क बसवलं, त्यामुळे भारतात परत जाऊन तिथून अर्ज करण्याची वाट लहान कॉलेजांपुरती जवळपास बंद आहे. जे काही करायचं ते इथे विद्यार्थी व्हिसावर असतानाच. आंतरराष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू घडवलेले काही परदेशी कोच ओ-वन या असामान्य कर्तृत्वाच्या व्हिसावर येतात. तुमच्याकडे आज तेवढं नाही, पुढे होऊ शकतं.

म्हणून मास्टर्स करताना दोन गोष्टी बरोबरीने चालू ठेवा. एक, कॉलेजच्या शारीरिक शिक्षण विभागात एखादा वर्ग शिकवण्याचा अनुभव घ्या. लहान कॉलेजांत 'कोच आणि व्याख्याता' अशी जोडपदं निघतात, तिथे किनेसिऑलॉजीची मास्टर्स हीच अट लिहिता येते आणि व्हिसाची बाजू भक्कम होते. दोन, अमेरिकेत उतरल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत ड्रायव्हिंग लायसन्स काढा आणि त्यावर एकही दंड लागू देऊ नका. लहान कॉलेजांचे संघ व्हॅनमधून जातात, व्हॅन असिस्टंट कोच चालवतो, आणि विमा कंपनीने नाव नाकारलं तर नेमणूक तिथेच थांबते.